तांबूला टोचायचं की नाही

"हे तुम्ही म्हणताय, की डॉक्टर म्हणतायत?"

प्रश्नात खोच अजिबात नव्हती. विचारणाऱ्या बाई साध्या होत्या, हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर होत्या, आणि त्यांचा तो वासराएवढा लॅब्राडोर टेबलावर चढावं लागू नये म्हणून फरशीला चिकटून बसला होता. गौतमीनं त्याचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, जुलाबाची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि सांगितलं की आज लस नको, पोट ठिकाणावर येऊ दे, पुढच्या आठवड्यात आणा. त्यावर हा प्रश्न. आणि गौतमी पापणीही न हलवता म्हणाली, "डॉक्टर म्हणतायत." डॉक्टर त्या वेळी चांदणी चौकाच्या अलीकडे एका गॅरेजात आपल्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. असं काही कुत्रं भूगावात राहतं आणि त्याला जुलाब होतात याचा त्यांना गंधही नव्हता. बाईंचा चेहरा सैल झाला. थँक्यू म्हणून त्या गेल्या, कुत्रंही सुटलो एकदाचं अशा चालीनं गेलं, आणि गौतमी हातात स्पिरिटची बाटली धरून तशीच उभी राहिली. आपण हे का बोललो, असं तिच्या मनात आलं. पश्चात्ताप वगैरे नव्हे, खोटं बोलल्याची बोचही नव्हे. रस्त्यानं जाता जाता वर पाहावं आणि आपल्याच घराच्या खिडकीत कुणी अनोळखी माणूस उभं दिसावं, तसं काहीसं झालं. कोण आहे हे, आणि कधीपासून राहतंय?

कारण आता तसं बोलायची गरजच उरली नव्हती. नुकताच नवा आदेश निघाला होता. डॉक्टर कौस्तुभनी तो चहा पिता पिता मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवला होता. जनावरांच्या दवाखान्यात पदविका घेऊन काम करणाऱ्यांना लस टोचणं, जंताचं औषध देणं, असली आजार होऊ नये म्हणून करायची कामं आता डॉक्टर शेजारी उभे नसतानाही करता येणार होती. नुसती करता येणार होती असं नाही, जनावर लस घ्यायला धड आहे की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. आजार झाल्यानंतरचं सगळं डॉक्टरांचं, आजाराच्या अलीकडचं यांचं. "म्हणजे गौतमीताई, आता मी गेलो तरी चालेल," असं म्हणून डॉक्टर हसले होते. त्या हसण्यात थोडी कुरकुर होती, पण गुरुवारची गावफेरी टळली म्हणून सुटकाही होती. त्या संध्याकाळी गौतमीनं घरी पेढे नेले. इंद्रजितनं, तिच्या नवऱ्यानं, पेढा तोंडात टाकून विचारलं, "पगार वाढला?" "नाही." "मग?" मग काय, ते तिलाही सांगता येईना. इतकी वर्षं सुई तिच्याच हातात होती. डॉक्टर दारात उभं राहून फोनवर बोलायचे आणि ती टोचायची. आता तोंडही तिचं झालं होतं, एवढंच.

आणि पहिल्याच खऱ्या प्रसंगी त्या तोंडानं तिला पत्ता लागू न देता जुनीच तबकडी वाजवली. दिवसभर मग ती स्वतःवर पाळत ठेवून राहिली. "डॉक्टर म्हणतात, मांजराला दूध बंद करा." "डॉक्टरांनी सांगितलंय, पिल्लाला इतक्यात खाली खेळायला सोडू नका." डॉक्टर हे म्हणतही असतील, जगातले सगळेच डॉक्टर म्हणत असतील, पण या मांजराबद्दल आणि या पिल्लाबद्दल ते गौतमीच म्हणत होती, आणि म्हणून झाल्यावर तिच्याच कानांना कळत होतं. तिला याची मौज वाटू लागली. एका पर्शियन मांजराच्या मालकाला तिनं मुद्दाम "मला वाटतं" असं म्हणून पाहिलं. शब्द नव्या चपलेसारखा चावला. त्या गृहस्थानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "सर आहेत का आत?" गौतमीला रागवायला हवं होतं, पण तिला हसूच आलं. आपल्याकडे बघून जे दिसत नाही ते दाराकडे बघून त्यांना कसं दिसतं, याचंच तिला कुतूहल वाटत राहिलं.

आता हे ती कुठं शिकली म्हणावं, तर माणमध्ये, घरच्या अंगणात. माण तेव्हा अर्धंमुर्धं गाव राहिलं होतं. एका बाजूला आयटी पार्कच्या काचा उभ्या राहत होत्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा गोठा होता, ज्याच्या जागी आज भाड्याच्या खोल्या आहेत आणि खोल्यांसमोर भाडेकरू पोरांच्या मोटारसायकली. जमीन विकली तेव्हा तिचे वडील जयसिंग, म्हणजे बापू, आणि चुलते नथूकाका यांच्यात कशावरून तरी बिनसलं आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. अंगण एकच, चुली दोन, आणि मधे गौतमी. "त्याला म्हणावं, पंपाची किल्ली दे." "त्याला म्हणावं, शेण माझ्या दारात टाकू नको." ती धावत पलीकडे जायची आणि म्हणायची, "काका, बापू म्हणतात, जरा किल्ली देता का? आणि शेणाचं तेवढं बघा." कडू गोळी गुळात घालून द्यायची कला तिला कुत्र्यामांजरांच्या फार आधी अवगत झाली होती. काकांचं उत्तरही ती तसंच धुऊन-पुसून आणायची. दोघा भावांना वाटायचं, पलीकडचा जरा मवाळ होत चाललाय. अशात एका रविवारी घरात मटण शिजलं होतं, वास अंगणभर सुटला होता, आणि पलीकडे काका एकटेच बाजेवर बसून दात कोरत होते. गौतमी गेली आणि म्हणाली, "काका, बापू म्हणतात, जेवायला या." कुणी काही म्हटलेलं नव्हतं. काकांनी तिच्याकडे एकवार पाहिलं, उठले, हातपाय धुतले आणि आले. बापूंनी ताटावरून मान वर केली, थोडे सरकले. दोघे शेजारी बसून मुकाट जेवले. काका उठताना "बरं झालंय" एवढंच म्हणाले, तेही भिंतीकडे बघून. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याला म्हणावं आणि त्याला म्हणावं.

ही आठवण ती आजवर स्वतःच्या हुशारीची म्हणून जपून होती. आता स्कूटरवरून घरी जाताना, भूगावच्या रस्त्यावर सिमेंटच्या मिक्सर-गाडीमागे अडकलेली असताना, ती तिला वेगळ्याच बाजूनं दिसली. काकांनी यावं असं कुणाला वाटत होतं? बापूंना नाही, आईला तर मुळीच नाही. तिला वाटत होतं. काकांच्या मांडीवर बसून ती मोठी झाली होती आणि त्यांच्याशिवाय ते मटण तिला गिळवलं नसतं. पण "काका, मला वाटतं, तुम्ही या" असं म्हणायचं तिला सुचलं नाही. सुचलं असतं तर काका आले असते का, कोण जाणे. पुढे तळेगावचं स्थळ आलं तेव्हा तिनं "आई नको म्हणते" म्हणून घालवलं, आणि आईला सांगितलं, "बापूंच्या मनात नाही." पदविकेला जायचं तेव्हा "मास्तर म्हणाले." बघता बघता लक्षात आलं, की आयुष्यातलं जे जे तिला खरोखर हवं होतं ते सगळं तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर मागून घेतलं होतं, आणि मिळवलंही होतं. मग तिच्या स्वतःच्या नावावर काय होतं? मिक्सर-गाडी हलली. मागच्याने हॉर्न वाजवला. तिला वाईट वाटलं नाही, नुसती उत्सुकता वाटली, की ते नाव घेऊन बोललं तर आवाज कसा येईल.

दवाखान्यात तिचं आणखी एक काम होतं, जे तिनं कधी काम म्हणून धरलं नव्हतं. डॉक्टरांपुढे सगळे मालक शहाणे असतात. बाहेरचं काही खायला देत नाही, औषध वेळच्या वेळी देतो, गोचीड तर औषधालासुद्धा नाही. आणि मग पैसे देऊन निघताना, पट्टा मनगटाला गुंडाळता गुंडाळता, ते गौतमीच्या कानाशी येतात. "ताई, काल त्यानं माझा अख्खा मोजा गिळला. सरांना सांगू नका. म्हणजे सांगा, पण मी सांगितलं म्हणून नको." ती आत जाऊन सांगायची. गावात तर विचारूच नका. तिथं ती डॉक्टरांची गाडी पोचायच्या आधी चुलीपाशी उकिडवी बसून चहा प्यायलेली असायची, आणि गाईनं वैरण कधी सोडली, वळू कुणाचा होता, घरातल्या घरात काय पाजून झालंय, हे सगळं कपाच्या तळाशी पोचेस्तोवर तिला कळलेलं असायचं.

गुरुवारी ती उरवड्याला एकटी निघाली. स्कूटरवर पुढे बर्फाची पेटी, पेटीत लम्पीच्या लशीची बाटली. खालच्या वस्तीत एका बैलाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि आजूबाजूच्या गुरांना तातडीनं टोचायचं होतं. ही लस पाण्यात कालवली की त्याच दिवशी संपवावी लागते, उरेल ती फेकायची. म्हणून सगळी गुरं एका दमात व्हायला हवीत. पूर्वी डॉक्टरांची गाडी यायची तेव्हा आदल्या दिवशी निरोप जायचा, सकाळपासून गुरं दावणीला बांधलेली असायची. आता गाडी नाही, डॉक्टर नाहीत, ती एकटी. तिनं पिरंगुटच्या चौकातून फोन केले, आलेच म्हणून. ऑक्टोबरचं ऊन होतं, खालच्या कारखान्यांच्या पत्र्यांवरून ते डोळ्यांत येत होतं. एकेक गोठा करत ती वर चढत गेली. कुणी विचारलं, "सायेब न्हाई आलं?" "नाही. आता मीच." हे वाक्य तिनं वाटेत घोकून ठेवलं होतं आणि ते बरं जमत होतं. गुरं सगळी ठणठणीत होती, ठरवण्यासारखं काही नव्हतं. तिला मनातून वाटत होतं, की एकदा काहीतरी ठरवायला लागावं.

वस्तीच्या टोकाला गोजराबाईचं घर. गोजराबाई साठी ओलांडलेली, एकटी राहणारी. मुलगा कैलास खाली कारखान्यात होता आणि त्यानं भूगावात फ्लॅट घेतला होता. तो तिला तिथं चल म्हणून मागे लागला होता आणि ती एकच सांगत होती, तांबू हाय तंवर मी हितंच. तांबू म्हणजे गोठ्यातली शेवटची गाय, तांबूस, लहानखुरी, डोळ्यांनी मोठी लबाड. गोजराबाईचं या डोंगराच्या कुशीतलं राहणं त्या गाईच्या दाव्याला बांधलेलं होतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि गौतमीलाही. तांबू खुंट्याला उभी होती. कुशी भात्यासारख्या हलत होत्या. गोजराबाई पदरानं तोंड पुसत होती. गौतमीनं हे पाहिलं, म्हणजे डोळ्यांसमोरून ते गेलं. तिनं थर्मामीटर लावला. पारा एकशे तीनच्या वर गेला.

पारा पाहताच तिला कळलं, की आपल्याला भीती वाटत नाहीये. आला, तो क्षण आला. लस निरोगी जनावराला टोचायची असते. ताप म्हणजे कदाचित आजार अंगात शिरलाही असेल, आणि वरून टोचलं तर गाय खचेल. न टोचावं तर खाली बैलाच्या अंगावर गाठी आहेत, माश्या मोकळ्या आहेत, आणि आख्ख्या वस्तीत तांबूच एकटी उघडी राहील. दोन्हींकडे धोका गाईलाच होता आणि मधे नाव घ्यायला कुणी नव्हतं. खिशातला फोन तिला मांडीपाशी जाणवत होता. तिनं तो काढला नाही. ती स्वतःकडे बघत होती, अगदी टक लावून, आता ही बाई काय म्हणते म्हणून.

गोजराबाई पुढे झाली. "अगं, काय झालं? ती आत्ताच—"

"ताप आहे, मावशी. आज टोचायचं नाही."

"सायबास्नी इचारलंस?"

"साहेबांना नाही विचारलं. मी म्हणते."

आवाज चांगला आला. स्वच्छ, थोडा जाड, तिला अपेक्षित होता त्याहून खालच्या पट्टीतला. गोजराबाईनं उघडलेलं तोंड मिटलं. कायदा आता हिच्या बाजूनं आहे, हे वस्तीत फोनवरून कळलेलं असणारच. "बरं," ती म्हणाली. "तू म्हनतीस तर न्हाई." गौतमीनं तिला ताप वाढला तर काय बघायचं, अंगावर कुठं हात फिरवून गाठी चाचपायच्या, ते सगळं नीट सांगितलं. गोजराबाई मान हलवत ऐकत होती. चहाचं तिनं विचारलं नाही, आणि गौतमीच्याही ते ध्यानात आलं नाही. उरलेली लस तिनं रीतसर खड्डा करून ओतून टाकली.

परत येताना तिला स्कूटर हवेवर चालल्यासारखी वाटत होती. कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं, आणि सांगण्यासारखं तर काही घडलेलं नव्हतं. एका गाईला लस टोचली नव्हती, बस. तिला बापू आठवले, ते कधी कुणाचं नाव पुढे करत नसत, आणि म्हणूनच त्यांचं कुणाशी पटलं नाही. काका आठवले. आपला आवाज बापूंसारखा आला, हे तिला पौडच्या रस्त्याला लागता लागता उमगलं आणि तिची तिलाच गंमत वाटली. मनातल्या मनात तिनं ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा, थोडं हळू.

सोसायटीत वीज गेली होती आणि लिफ्ट बंद होती. बर्फाची रिकामी पेटी, भाजीची पिशवी आणि हेल्मेट घेऊन ती जिने चढली. वर दारातच इंद्रजित उभा होता, संध्याकाळच्या पाळीला निघालेला. त्यानं पेटी घेतली, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हाताची पालथी बाजू तिच्या मानेला लावली. "अगं, केवढी तापलीयेस. बरं नाही का?"

"कुठला ताप? उन्हातून आले, त्यात हे जिने चढून—"

वाक्य तिथंच थांबलं. इंद्रजित पुढे काहीतरी विचारत होता. तिला मात्र कुशी दिसत होत्या, भात्यासारख्या हलणाऱ्या. गोजराबाईचा घामानं ओला झालेला पदर दिसत होता. तांबूच्या खुरांना चिकटलेलं ताजं हिरवं गवत दिसत होतं, जे दावणीला बांधलेल्या गाईच्या खुरांना असायचं कारणच नव्हतं. तिनं पिरंगुटहून फोन केला, आणि त्या म्हातारीनं गाय डोंगरावरून भर उन्हात पळवत खाली आणली. उन्हातून पळत आलेल्या गाईला एकशे तीन नाही दाखवणार तर किती? सावलीत बांधायची, पाणी दाखवायचं, तासाभरानं पुन्हा बघायचं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. तिला ते येत नव्हतं असं नाही. तिनं गाईकडे पाहिलंच नव्हतं. गाईच्या मागे थर्मामीटर लावून ती सगळा वेळ गौतमीकडे बघत होती.

तिला इतकी लाज वाटली की ती पायरीवरच बसली. इंद्रजितनं पाणी आणलं, पाळीला उशीर होतोय हे विसरून तोही शेजारी बसला. लस लागू पडायला तसे आठवडे जातात, एका दिवसानं काय बिघडतं, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. पण ती ओतून आलेली बाटली आणि खालचा तो बैल डोळ्यांपुढून हलेना. तिनं डॉक्टरांना फोन लावला. भूगावच्या तबेल्यासाठी ठेवलेली बाटली उद्या सकाळीच फोडते, आधी उरवड्याला एका गाईला टोचते आणि तशीच बर्फावरून तबेल्यात नेते, चालेल का? "चालेल का काय विचारता," डॉक्टर म्हणाले, "ठरवायचं तुम्हीच ना आता?" त्यात टोमणा नव्हता, किंवा असलाच तर तो बिनविषारी होता. तरी फोन ठेवल्यावर तिला एकाएकी फार एकटं वाटलं. पूर्वी चूक झाली तरी ती दोघांत वाटली जायची, आणि कुणाच्या वाट्याला किती आली हे कुणी मोजत नसे. ही चूक मात्र आख्खी तिची होती. ती पहिल्यांदाच इतकं आख्खं काहीतरी घेऊन बसली होती. त्या चुकीचं वजन कसं आहे, हेही ती लाजेच्या आडून चाचपून बघत होती. सवय जात नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत ती पोचली. वस्तीवर धूर रेंगाळत होता, खाली कारखान्याचा पहिला भोंगा व्हायचा होता. तांबू गोठ्यात सावलीला बसून रवंथ करत होती. तिला उठवून गौतमीनं थर्मामीटर लावला आणि या वेळी गाईवरची नजर हलवली नाही. पारा जिथं असायला हवा तिथंच राहिला. मान, छाती, कास, पायांच्या आतली बाजू, सगळीकडून तिनं हात फिरवला. कातडी मऊ होती, गाठ कुठं नव्हती. आज नव्हती. आणखी चार-आठ दिवसांनी उठली, तर ती आजच्या लशीनं की कालच्या उशिरानं, हे कुणीच सांगू शकणार नव्हतं. तिनं लस भरली, मानेची कातडी चिमटीत उचलली आणि टोचली. तांबूनं शेपटी मारली, बस.

गोजराबाई खांबाला टेकून बघत होती. "काल न्हाई, आज व्हय. सायबानं सांगितलं आसंल, टोच म्हून."

किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि गोजराबाईलाही तेच बरं वाटलं असतं. गौतमीनं सुई झाकली. "साहेबांनी नाही, मावशी. काल मी चुकले. गाय उन्हातून पळत आलेली होती, म्हणून अंग तापलं होतं. मी थांबायला पाहिजे होतं, पुन्हा बघायला पाहिजे होतं. माझंच लक्ष नव्हतं."

गोजराबाईला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. "मीच पळवत आनली व्हती की. तुजा फोन आला आन् ही पार वरच्या टेपाडाला. लई दमली बिचारी. मी बी दमले."

"मग सांगायचं ना मला."

"सांगत व्हते. तंवर तू म्हनलीस, मी म्हनते."

"तरी सांगायचं. एरवी तुम्ही मला सगळं सांगता. साहेबांना नाही सांगत ते सांगता."

"त्ये एरवी," गोजराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. "आता तू सोताच डाक्टर झालीस. डाक्टरला कोन आसलं सांगत बसतंय? त्यास्नी म्हाईत आसतंय."

गौतमी हात धुवायला पन्हाळीखालच्या पिंपापाशी गेली. मागून फरफटल्याचा आवाज आला. गोजराबाईनं शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली होती, पदरानं तिची बैठक पुसली, आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. "बस. च्या टाकते."

"आत येते की मावशी. चुलीपाशी."

"छ्या. धूर हाय लई. हितंच बस निवांत."

गौतमी खुर्चीवर बसली. बर्फाची पेटी तिनं सावलीत, पायाशी घेतली. आत भांड्याचा आवाज झाला, मग गोजराबाईचा मोबाईल वाजला. कैलासचा असणार, या वेळी त्याचाच येतो. गोजराबाई त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. तांबूचं नाव दोनदा आलं, मग "काल रातीला" असं काहीसं आलं. गौतमी पुढे वाकली, कान देऊन ऐकू लागली, पण त्या खुर्चीवरून नीट कळत नव्हतं.